सजगता कोणी, कोणाला आणि कशासाठी शिकवावी?

कार्यालयांत, शाळांत आणि रुग्णालयांत सजगतेचे, म्हणजे 'माइंडफुलनेस'चे, वर्ग भरू लागल्यापासून त्यांच्याविषयीचा वाद दोन ठरीव बाजूंनी मांडला जातो. एका बाजूचे म्हणणे असे, की माणसाचे बहुतेक दुःख भूतकाळाच्या खंतीतून आणि भविष्याच्या धास्तीतून येते. तेव्हा श्वासाकडे लक्ष द्यायला शिका, समोरचा क्षण पुरता जगा, म्हणजे ताण, निद्रानाश, चिडचिड, अभ्यासातले दुर्लक्ष हे सारे हळूहळू ओसरेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ही निव्वळ गुंगी आहे. पाठ मोडेल एवढे ओझे लादायचे आणि मग पाठ ताठ कशी ठेवावी याचे धडे द्यायचे, असा हा व्यवहार आहे. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघींनीही न तपासता गृहीत धरलेली असते. सजगता म्हणजे अस्वस्थता घालवण्याचे तंत्र, हे ते गृहीतक. पहिली बाजू त्यासाठी तिचे गोडवे गाते आणि दुसरी त्याचसाठी तिला झोडपते.

मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. आपल्या आत आणि भोवती जे चालले आहे ते पळ न काढता, घाईने निवाडा न करता पाहता येणे म्हणजे सजगता. आणि जे चांगले वाट्याला आले आहे ते मनात मुरू देता येणे म्हणजे आस्वाद. या दोन्ही क्षमता कमावण्याजोग्या आहेत, भावनिक स्वास्थ्याशी त्यांचा खरा संबंध आहे आणि कष्टाने त्या वाढवताही येतात. मात्र ज्या परिस्थितीने माणसाचे लक्ष आणि वेळ ओरबाडून घेतले, त्या परिस्थितीवरचा उतारा म्हणून त्या वाटणे हा त्यांचा गैरवापर आहे, आणि त्याला पहिला विरोध सजगतेच्या समर्थकांनीच करायला हवा. आज तो विरोध बहुतांशी तिचे टीकाकार करतात. समर्थक गप्प राहतात किंवा आकडे दाखवतात. म्हणून आधी आकड्यांकडेच वळावे लागेल.

आधुनिक वैद्यकात या साधनेचा प्रवेश 1979 साली झाला. जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झालेला, एक कार्यक्रम सुरू केला. तिथे येणाऱ्यांत दीर्घकाळच्या वेदनेने त्रस्त असलेले आणि नेहमीच्या उपचारांनी पुरेसा गुण न आलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. वेदना नाहीशी होईल, असे आश्वासन त्यांना दिलेले नव्हते. वेदना आणि वेदनेभोवती मन जे भय, चीड आणि हताशा गुंडाळत राहते ते, या दोहोंत फरक ओळखता येईल, एवढेच सांगितले होते. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या, पण ते पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी याच धर्तीची पद्धत तयार केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 145 रुग्णांच्या चाचणीत, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्याने गाठले होते त्यांच्यातले पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात 66 टक्के, तर या पद्धतीच्या गटात 37 टक्के होते. ज्यांना फक्त दोनदा नैराश्य आले होते, त्यांना मात्र काही फायदा झाला नाही.

या शेवटच्या वाक्याची चर्चा फारच कमी होते, आणि मला तर संपूर्ण चाचणीतले ते सर्वांत मोलाचे वाक्य वाटते. सरसकट सर्वांना थोडे बरे वाटले असते, तर ते नुसत्या विश्रांतीचे किंवा आपुलकीने कोणी विचारपूस केल्याचे फळ म्हणता आले असते. पण फायदा एका विशिष्ट गटाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचा अर्थ त्यामागे काही विशिष्ट यंत्रणा काम करत असली पाहिजे. या संशोधकांचे स्पष्टीकरण असे होते: ज्याला वारंवार नैराश्य आले आहे, त्याच्या मनात साधी उदासीदेखील जुन्या विचारांची साखळी जागी करते. आज उत्साह वाटत नाही; म्हणजे पुन्हा तेच सुरू झाले; म्हणजे मी कधीच बरा होणार नाही; म्हणजे दोष माझ्यातच आहे. ही साखळी पहिल्या दोन कड्यांतच ओळखून 'हा विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे' असे पाहता येणे, हेच ते प्रशिक्षण. म्हणजे या रुग्णांना उदासी टाळायला शिकवलेले नव्हते. उदासी आली असता तिच्यासमोर टिकून राहायला शिकवले होते. पुढे 2015 साली 424 रुग्णांच्या चाचणीत हीच पद्धत, औषधे कमी करत नेण्यास मदत देऊन, दीर्घकाळ औषधे चालू ठेवण्याशी ताडून पाहिली गेली. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे 44 आणि 47 टक्के निघाले. पद्धत औषधांहून सरस ठरली नाही, पण वर्षानुवर्षे गोळ्या घेण्यास तयार नसलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक खरा पर्याय मिळाला. देखरेखीखाली, हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण नेमके तेवढेच वगळून ही बातमी पुढे सांगितली जाते.

आता टीकाकारांची बाजू, आणि ती कमकुवत नाही. 2014 साली ध्यानाच्या 47 चाचण्यांचा, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक सहभागींचा, एकत्रित आढावा अमेरिकेतल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताची सुधारणा दिसली; पण व्यायाम, औषधे किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान अधिक गुणकारी आहे, असा पुरावा मिळाला नाही. 2022 साली ब्रिटनमधल्या 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सजगतेचे पाठ मिळालेल्या मुलांचे मानसिक आरोग्य, शाळेतले नेहमीचे सामाजिक-भावनिक शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा चांगले नव्हते. 2024 साली विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सजगतेचे वर्ग, ताणनियोजनाची सत्रे, स्वास्थ्याची ॲप्स अशा व्यक्तीला बदलू पाहणाऱ्या उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी, भाग न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. शिवाय दीर्घ ध्यानसाधनेत काहींना तीव्र भीती, भावनिक बधिरता किंवा स्वतःपासून तुटल्याची जाणीव होते, हे ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली साधकांच्या सविस्तर मुलाखतींतून नोंदवले. ध्यानाने कोणाचे काहीच बिघडत नाही, हा दावा आता कोणी प्रामाणिकपणे करू शकणार नाही.

हे सारे मान्य. पण त्यातून टीकाकार जो निष्कर्ष काढतात, तो निघतो का? रुग्णालयातला रुग्ण स्वतःच्या गरजेने आला होता. त्याने आठ आठवडे रोज वेळ काढला आणि आपल्याला कशाला सामोरे जायचे आहे हे त्याला ठाऊक होते. शाळेतल्या मुलांसमोर तोच पाठ तासिकेची घंटा झाली म्हणून आला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी घरी त्याचा सराव जवळजवळ केलाच नाही, आणि तो का करावा हे त्यांना कोणी विचारले नव्हते. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासमोर तो त्याच वरिष्ठांकडून आला, ज्यांनी कामाच्या मुदती ठरवल्या होत्या. या तीन ठिकाणी शब्द तेच उच्चारले गेले असतील, पण तिथे घडलेली कृती एकच होती, असे म्हणता येईल का? आकडे सजगतेचा निवाडा करतात असे आपण समजतो. मला ते अधिक करून सजगता वाटण्याच्या रीतीचा निवाडा करताना दिसतात.

हा फरक नवा नाही. रोमन साम्राज्यात स्टोइक विचारांचे दोन सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी होऊन गेले. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला होता. मार्कस ऑरेलियस 161 ते 180 या काळात सम्राट होता आणि त्याने एपिक्टेटसची शिकवण आदराने अभ्यासली होती. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हे ओळखा, जे हाती नाही त्याने मन मोडू देऊ नका, हा दोघांच्याही विचाराचा गाभा. गुलामाच्या तोंडी हे वाक्य स्वातंत्र्याची घोषणा आहे: माझ्या शरीरावर तुझा ताबा असेल, माझ्या निवडीवर नाही. सम्राटाने ते स्वतःला बजावले, तेव्हा ते सत्तेच्या मदावर घातलेला लगाम ठरले. पण हेच वाक्य मालकाने गुलामाला सुनावले तर? साखळी तुझ्या हाती नाही, तेव्हा तिने मन मोडू देऊ नकोस, असे साखळीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याने म्हटले तर? विचारात एका अक्षराचाही बदल झालेला नाही, तरी त्याचा अर्थ उलटा झाला. कोणतीही आंतरिक साधना स्वतःसाठी स्वीकारणे आणि आपल्या अधिकाराखालच्या माणसाला ती नेमून देणे, या दोन वेगळ्या नैतिक कृती आहेत. वादाच्या दोन्ही बाजू हा भेद पुसून टाकतात, आणि माझी त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार हीच आहे.

टीकाकारांचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र याहून खोल आहे. ते म्हणतील, कोणी नेमून दिलेली नसो, स्वेच्छेची असो, आत वळलेली नजर बाहेरच्या अन्यायाकडून वळलेलीच असते. याला इतिहासाचा काही आधारही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधल्या अनेक झेन आचार्यांनी आपल्या देशाच्या लष्करी आक्रमणाची पाठराखण केली. अवधानाच्या साधनेत आयुष्य घालवलेली ही माणसे होती. नुसते एकाग्र होता येणे माणसाला न्यायी बनवत नाही, याचा यापेक्षा कठोर पुरावा शोधावा लागणार नाही. मात्र ज्या परंपरेतून ही साधना आली, तिने असा दावा केलाच नव्हता. बौद्ध अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृती, म्हणजेच सजगता, हे सातवे अंग आहे. तिच्याआधी सम्यक् वाणी, सम्यक् कर्म आणि सम्यक् आजीव येतात. आजीव म्हणजे पोट कशावर भरायचे, कोणाचे नुकसान करून भरायचे नाही, हा प्रश्न. आजच्या वर्गांनी सातवे अंग उचलले आणि पाचवे, म्हणजे आजीव, मागे ठेवले, कारण पाचवे शिकवायला घेतले असते तर वर्ग भरवणाऱ्यांच्या धंद्याविषयीही विचारावे लागले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 साली लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तेव्हा दुःखाचा उगम केवळ व्यक्तीच्या तृष्णेत शोधणारी मांडणी त्यांना पुरेशी वाटत नव्हती. माणसाने माणसावर लादलेले दुःख, विषमतेतून येणारे दुःख, हा त्यांच्या दृष्टीने धम्माचाच विषय होता. आत पाहणे आणि समाज बदलणे यांतून एकच निवडावे लागते, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करायला हवा.

दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. तिथले भिक्खू थिच न्हात हान यांनी युद्धाच्या काळात तरुण स्वयंसेवकांना संघटित करून उद्ध्वस्त गावांच्या पुनर्बांधणीचे काम उभे केले आणि दोन्ही युद्धखोर पक्षांचा रोष ओढवून घेतला. 1966 साली ते शांततेचे आवाहन करण्यासाठी देशाबाहेर गेले, त्यानंतर मायदेशी पाऊल ठेवायला त्यांना 2005 साल उजाडावे लागले. 1967 साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले होते. श्वासाकडे आणि पावलांकडे लक्ष द्यायला आयुष्यभर शिकवणाऱ्या या माणसाने बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवली होती, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? गावावर बॉम्ब पडत असताना सूडाने न पेटता आणि भीतीने न गोठता मदतीला उभे राहायचे, तर आपल्या आत पेटणारे आणि गोठणारे काय आहे ते आधी दिसावे लागते.

इथपर्यंत मी सजगतेविषयी बोललो. आस्वादाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सहसा तिच्यात मिसळून टाकला जातो. 'हाच क्षण खरा' या घोषणेखाली दोहोंना एकत्र बांधले जाते आणि मग दोहोंचेही नुकसान होते. चांगल्या अनुभवाचा आस्वाद माणूस कसा घेतो, याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ या मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांच्या मांडणीत आस्वाद तिन्ही काळांत पसरलेला असतो. येऊ घातलेल्या भेटीची वाट पाहणे, भेटीत रमणे आणि भेटीची आठवण काढणे, ही तिन्ही आस्वादाचीच रूपे आहेत. म्हणजे वर्तमान क्षणाला भूत-भविष्यापासून कापून काढल्याने आस्वाद वाढतो, ही समजूत टिकत नाही. प्रिय व्यक्तीच्या शेजारी शांत बसलेल्या माणसाचे सुख त्या क्षणापुरते असते का? त्यात मागची सगळी वर्षे असतात आणि हे एक दिवस संपणार आहे याची जाणीवही असते. ती जाणीव काढून टाकली, तर उरलेला क्षण अधिक शुद्ध होईल की अधिक पोकळ?

याविरुद्ध एक प्रसिद्ध अभ्यास पुढे केला जातो, आणि त्याचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले, की तुम्ही आता काय करत आहात, कसे वाटते आहे, आणि मन करत असलेल्या कामावर आहे की दुसरीकडे. जवळपास 47 टक्के वेळा मन दुसरीकडे होते, आणि तेव्हा लोक तुलनेने कमी सुखी होते. मन सुखद विषयाकडे भटकले असले तरी ते कामात असलेल्यांपेक्षा अधिक सुखी नव्हते. निष्कर्ष लक्षणीय आहे. मात्र ही माहिती गोळा झाली ती आयफोनवरून, म्हणजे त्या काळी आयफोन बाळगणाऱ्यांकडून. ज्यांचा वर्तमान क्षण बहुधा सुसह्य होता, त्यांच्याविषयी हा अभ्यास बोलतो. ज्याचा वर्तमान क्षण अपमानाचा, थकव्याचा किंवा उपासमारीचा आहे, त्याचे मन दुसरीकडे गेले तर तो त्याचा दोष आहे, की त्याच्या हाती उरलेला एकमेव मोकळा प्रदेश? तिथूनच तर उद्या वेगळा असू शकतो ही कल्पना जन्म घेते. भटकणाऱ्या मनाला सरसकट रोगी ठरवणारे या प्रश्नापाशी थांबत नाहीत.

अवधान अनुभव गोड करत नाही, ते त्याला ठळक करते; छायाचित्रांवरचे संशोधन हे फार स्पष्ट दाखवते. लिंडा हेन्केल यांनी 2014 साली संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंची छायाचित्रे काढली त्या वस्तू लोकांना, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. कॅमेरा क्षण हिरावतो, असे म्हणणाऱ्यांना हा निकाल फार आवडतो. पण त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन चित्र टिपले, त्यांची स्मृती शाबूत राहिली. आणि 2016 साली दुसऱ्या संशोधकांना असे आढळले, की छायाचित्रे काढल्याने लोक चांगल्या अनुभवात अधिक गुंततात आणि त्यांचा आनंद वाढतो, तर अनुभव मुळात अप्रिय असेल तर तो अधिक अप्रिय वाटतो. म्हणजे साधन हातात आहे की नाही, यापेक्षा नजर कशी वळते हे महत्त्वाचे. आणि नीट वळलेली नजर वाईटाला वाईट म्हणूनच अधिक स्पष्ट दाखवते. जे वर्ग सजगतेच्या नावाखाली केवळ प्रसन्नता विकतात, ते या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी बोलत नाहीत.

भोवती एवढे दुःख असताना क्षणाचा आस्वाद घेण्याचा अधिकार कोणाला, असा नैतिक प्रश्नही विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा संवेदनशील लोक असतात. त्यांनी रोझा लक्झेंबर्गची तुरुंगातली पत्रे आठवून पाहावीत. युद्धाला विरोध केल्याबद्दल ही क्रांतिकारक स्त्री 1916 ते 1918 या काळात कैदेत होती. तिथून मैत्रिणींना लिहिताना ती चिमण्यांएवढ्या पाखरांची, ढगांच्या रंगांची, भिंतीच्या आसऱ्याने उगवलेल्या रोपांची वर्णने करते. वनस्पती गोळा करून त्यांची वही ठेवण्याचा तिला छंदच होता. आणि याच पत्रांत, डिसेंबर 1917 मध्ये, ब्रेस्लाऊच्या तुरुंगाच्या अंगणात गाडी ओढणाऱ्या म्हशींना एक सैनिक रक्त निघेपर्यंत मारत असल्याचे वर्णन येते. त्या मुक्या जनावराच्या डोळ्यांत तिला आपलेच दुःख दिसते. पाखरू पाहणारी नजर आणि मार खाणारी म्हैस पाहणारी नजर एकच होती. ज्याला पाखरू दिसेनासे होते, त्याला काही काळाने म्हैसही दिसेनाशी होते. उरते ते केवळ भूमिकेपुरते दुःख. आस्वादाला विलास समजून टाकून देणारी चळवळ आपली संवेदना कशावर पोसणार, हा प्रश्न मला फार दिवसांपासून छळतो.

भावनिक स्वास्थ्य म्हणजे सतत बरे वाटणे, ही कल्पना एकदा बाजूला सारली की बरेचसे जाळे सुटते. ज्याला राग येतो आणि तो कशामुळे येतो हे कळते, ज्याला शोक होतो आणि तो पुरता होऊ देता येतो, तो माणूस स्वस्थ आहे. अशा माणसाला कामाच्या ठिकाणी अधिक निमूट होण्याचे काही कारण नाही. अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्होस यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की थोडा वेळ सजगतेचे ध्यान केल्यानंतर नेमून दिलेले काम करण्याची लोकांची ओढ कमी झाली, कामाच्या दर्जात मात्र फरक पडला नाही. हे स्वाभाविकच आहे. स्थिर चित्ताने पाहिले, की पुष्कळशी कामे तितकी तातडीची नसल्याचे दिसते. उत्पादकता वाढवण्यासाठी हे वर्ग भरवणाऱ्यांनी आपण नेमके काय शिकवत आहोत याचा विचार करायला हवा.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि माझ्या मते मूळ सार्वजनिक प्रश्न तोच आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 सालीच दाखवून दिले होते, की माहितीची विपुलता अवधानाची टंचाई निर्माण करते. आज ते अवधान मिळवण्यासाठी मोठमोठे उद्योग उभे आहेत, आणि कामाचे संदेश रात्री उशाशी येऊन पोहोचतात. अशा वेळी विखुरलेल्या लक्षाची जबाबदारी एकट्या व्यक्तीवर टाकणे न्याय्य नाही. ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनने 1817 साली आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती अशी मागणी शब्दबद्ध केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने 1919 साली उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. मधल्या शंभर वर्षांत कामगारांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवून हा प्रश्न सुटला असता का? फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काविषयी वाटाघाटी कराव्या लागतात. असा कायदा कोणालाही सजग बनवत नाही, पण सजग होण्यासाठी लागणारी जागा तो मोकळी करू पाहतो.

यावर सजगतेच्या समर्थकांचे जे उत्तर येते, ते मला सर्वांत अधिक विचार करायला लावते. ते म्हणतात, व्यवस्था बदलायला दशके लागतात. आज रात्री ज्याला झोप येत नाही, त्याने काय करावे? हे खरे आहे आणि त्या माणसाला श्वासाचे साधन नाकारण्याचा अधिकार कोणालाच नाही. ते साधन त्याला मिळावे, फुकट मिळावे, जाणत्या शिक्षकाकडून मिळावे. फक्त ते त्याच्या वेळापत्रकाच्या मालकाकडून मिळत असेल, तर काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. वर्गाला न येण्याची खरी मोकळीक आहे का? तो कामाच्या वेळेत धरला जातो, की जेवणाच्या सुट्टीतून कापला जातो? वर्गात कोणी म्हणाले, की मी शांतपणे पाहिले आणि मला दिसले की हे काम दोन माणसांचे आहे, तर ते ऐकून घेतले जाईल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तिथे पाहायला शिकवले जात नाही, पाहिलेले गिळायला शिकवले जाते.

आणि काहीजण असेही म्हणतात, की लोकांना मोकळा वेळ दिला तरी ते तो पडद्यासमोरच घालवतील. 1847 साली ब्रिटनमध्ये कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला, त्याआधीच्या वादात हीच भाषा होती. मोकळ्या तासांत कामगार आळसावतील आणि व्यसनांना लागतील, असे सांगितले जात होते. नासाउ सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने तर 1837 साली असे मांडले होते, की गिरणीचा सारा निव्वळ नफा शेवटच्या तासातून येतो, तेव्हा तो तास काढून घेतला तर उद्योगच बुडेल. कायदा झाला आणि उद्योग बुडाला नाही. मोकळा झालेला वेळ काहींनी वाया घालवला असेल, यात शंका नाही. पण तो वाया घालवायचा की नाही हे ठरवण्याची संधी त्यांना त्यापूर्वी मिळालेलीच नव्हती, आणि लक्ष कुठे द्यावे हे शिकण्याची सुरुवात ती संधी मिळाल्यानंतरच होऊ शकते.